बाईंसारखी केस

डेपोत तिला सगळे फौजदार म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. तिच्या बसमध्ये बिनतिकिटाचा माणूस एका थांब्यापलीकडे टिकला नाही. एकदा खुद्द नवराच गाडीत चढला आणि घरचाच असल्याच्या थाटात खिडकीशी जाऊन बसला, तर तिने भर गाडीत त्याला तिकीट घ्यायला लावलं, वर सुट्टे नाहीत म्हणून चार शब्द सुनावले. नवऱ्याचं इस्त्रीचं दुकान आहे. तो हा किस्सा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतो. अशी ही बाई. कुणापुढे मान खाली घालायची तिला सवयच नव्हती, म्हणून पुढे जे झालं ते तिला जास्त लागलं.

बस मागे घेताना कंडक्टरने मागे उभं राहून शिट्टी वाजवायची असते. ती तशी उभी होती, आपल्या बसकडे बघत होती, आणि शेजारच्या रांगेतली दुसरीच बस मागे आली. कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. सगळं म्हणजे काय, हे लोकांना कळत नाही. त्यांना खुर्ची दिसते, म्हणून पाय गेले एवढंच समजतं. पायांचं दुःख चारचौघांत सांगता येतं, ऐकणाराही डोळे पुसतो. पण लघवी आलेली कळत नाही, ती आपली आपण होत नाही, दर काही तासांनी नळी घालून काढावी लागते, हे सांगायला लागलं की तोच माणूस घड्याळ बघतो नाहीतर चहा टाकायला उठतो. माणसांची दया कमरेपाशी येऊन थांबते.

कण्याच्या दुखण्यासाठी शहरात एक केंद्र होतं. तिथे तिला मास्तर भेटले. मास्तर मूळचे विजेच्या खांबांवर चढणारे वायरमन. खांबावरून पडले त्याला आता इतकी वर्षं झाली होती की खुर्चीशिवायचे मास्तर कुणाला आठवतच नव्हते. नव्याने खुर्चीत बसलेल्यांना ते शिकवत: पलंगावरून खुर्चीत कसं सरकायचं, पायरी लागली तर माणसाला नेमकं कुठे धरायला सांगायचं, दुकानदार आपल्याशी न बोलता आपल्या नवऱ्याशी बोलायला लागला तर काय करायचं. तोंडाने फटकळ माणूस. "आम्ही बाहेर जायच्या दिवशी पाणी पीत नाही" असं कुणी म्हटलं की ते खवळत. पाणी तोडायचं नाही, वेळ चुकवायची नाही आणि लाजेपायी तर अजिबात नाही, नाहीतर मूत्रपिंडं जातील आणि मग लाजायलाही उरणार नाही, असं ते सांगत. फौजदार त्यांची लाडकी विद्यार्थिनी झाली, कारण ती उलट उत्तरं द्यायची.

वर्ष सव्वा वर्ष घरी काढल्यावर डेपोतून निरोप आला. पासांच्या खिडकीवर माणूस हवा होता. तिथे बसून काम, हात आणि डोकं धड असलं की झालं. ज्याच्याबरोबर तिने इतकी वर्षं एकाच बसवर काढली त्या ड्रायव्हरने साहेबांच्या मागे लागून लागून हे घडवून आणलं होतं. एवढ्यावर तो थांबला नाही. वर्कशॉपच्या पोरांना हाताशी धरून त्याने जुन्या बसच्या फ्लोअरच्या पत्र्याचा उतार केला आणि वर्कशॉपमागच्या मोरीची चौकट काढून दार रुंद केलं. दार पुन्हा बसेना, म्हणून बसच्या सीटचं रेक्झिन पडद्यासारखं लावलं. ही मोरी कशासाठी, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. तिलाही विचारलं नव्हतं. बायकोला विचारून ठरवलं म्हणे.

साहेबांची मात्र एक अट होती. साहेब म्हणजे डेपो मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. आधी एकदा समोर बसून बोलू, बाईंना जमेल का बघू, लोकांची वर्दळ असते, काही गैरसोय व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उच्चारलेल्या 'गैरसोय' या शब्दात काय काय होतं ते तिला बरोबर कळलं. केंद्राने मास्तरांना तिच्यासोबत पाठवलं. साहेबांना काही शंका असतील तर मास्तर त्यांचं समाधान करतील, असं ठरलं.

साहेबांची खोली अरुंद. एका भिंतीला रूटचा नकाशा, दुसऱ्या भिंतीला कपाट, आणि टेबलासमोर जेमतेम दोन खुर्च्यांची जागा. तिथे या दोघांच्या चाकांच्या खुर्च्या इतक्या खेटून राहिल्या की चाकाला चाक लागत होतं. ड्रायव्हर दारात उभा होता. बोलणं छान चाललं होतं. साहेबांनी विचारलं त्याची ती उत्तरं देत होती. पासांचे प्रकार तोंडपाठ, सवलतीची कागदपत्रं तोंडपाठ, उलट साहेबांचीच एक चूक तिने दुरुस्त केली आणि साहेब हसले. मास्तर गप्प होते. नेहमी मध्ये मध्ये टोमणे मारणारे मास्तर गप्प का, असं तिच्या मनात आलं, पण आपलंच बोलणं रंगलं होतं, त्यात ते राहून गेलं.

साहेब बोलता बोलता थांबले आणि खाली बघायला लागले. तिनेही बघितलं. दोन्ही खुर्च्यांच्या मधून पाण्याची एक रेघ निघाली होती आणि सावकाश साहेबांच्या टेबलाकडे चालली होती. पाणी नव्हतं ते. वास आला.

साहेबांची नजर जमिनीवरून वर आली ती थेट तिच्यावर. साहजिक होतं. नोकरीला ती आली होती, गैरसोय तिचीच व्हायची होती. ड्रायव्हरही तिच्याकडेच बघत होता आणि त्याचा चेहरा पडला होता. तिने नजरेनेच आपली मांडी, आपली साडी चाचपली. कोरडी होती. निघण्याआधी घरीच ती नळी घालून मोकळी होऊन आली होती, वेळ पाळून. म्हणजे हे मास्तरांचं. मास्तर नळी वापरत नसत. त्यांना पायाला पट्ट्याने बांधलेली पिशवी होती, ती आतून भरत राहते आणि खालचा नळ सोडून रिकामी करावी लागते. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तर रूटच्या नकाशाकडे बघत होते, जसं काही त्यांना पुढची बस पकडायची होती.

तिने वाट बघितली. मास्तर बोलतील असं तिला वाटलं. असं झालं तर आवाज न चढवता सांगायचं, फडकं मागायचं आणि बोलणं पुढे चालू ठेवायचं, हे त्यांनीच तर शिकवलं होतं. वर्गात त्यांनी प्रत्येकाकडून ते वाक्य म्हणवून घेतलं होतं. पण मास्तर नकाशाकडेच बघत राहिले. साहेबांनी चाचरत विचारलं, "बाई, हे... तुम्हाला काही हवंय का?"

"साहेब, हे माझं नाही," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना एकदम मास्तरांकडे वळल्या. एखाद्याला भर बसमध्ये बिनतिकिटाचा पकडावं तशा. मास्तरांचे कान लाल झाले. मग ते म्हणाले, माझं आहे, पिशवीची नळी निसटली, फडकं मिळेल का. शब्द वर्गातलेच होते, आवाज मात्र त्यांचा नव्हता. ड्रायव्हर पळत गेला आणि काच पुसायचं फडकं घेऊन आला. मास्तर वाकून स्वतः पुसायला बघत होते, पण त्यांचा हात जमिनीपर्यंत पोचत नव्हता. शेवटी ड्रायव्हरनेच पुसलं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला होता. ते तिला म्हणाले, "बरं झालं बाई. म्हणजे तुम्हाला तसलं काही नाही ना."

हा प्रश्न होता की नुसता सुस्कारा, ते ठरवायला तिला वेळ होता. मलाही आहे साहेब, फक्त प्रकार वेगळा, एवढंच म्हणायचं होतं. ती हसली. मान हलवली की नाही ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं, पण हसली हे नक्की. साहेबांनी सोमवारपासून या म्हणून सांगितलं.

परतताना केंद्राच्या गाडीत मास्तर आणि ती समोरासमोर होते. तिने दोनदा तोंड उघडलं. मास्तर म्हणाले, नोकरी लागली, पेढे कधी देतेस. ते हसत होते आणि त्यांच्या पॅंटचा एक पाय घोट्यापर्यंत ओला होता. तिला गाडीतून उडी मारावीशी वाटली, पण त्यालाही पाय लागतात. पेढे द्यायला ती केंद्रात गेली नाही. नवऱ्याच्या हाती पाठवून दिले.

काम तिला आवडलं. खिडकीपुढे रांग लागायची आणि ती रांग हलती ठेवायची, हे तिच्या रक्तातच होतं. आठवडाभरात लोक तिला ओळखायला लागले, पंधरा दिवसांत घाबरायलाही लागले. साहेब खूश. कुणी वरचा अधिकारी आला की त्याला खिडकीपाशी घेऊन येत आणि सांगत की या आमच्या बाई, खुर्चीत आहेत पण काही म्हणजे काही त्रास नाही, बाकीच्यांसारखं पिशव्याबिशव्या काही नाही. अधिकारी तिच्याकडे बघून मान डोलावत. ती पास लिहीत राही. प्रत्येक वेळी तिच्या मानेवर काटा येई, आणि प्रत्येक वेळी ती मूग गिळून बसे. एकदा हसलेल्या माणसाला मग पुढेही हसावंच लागतं.

आता प्रश्न असा की मोरीत जायचं कसं. पहिल्याच दिवशी दुपारी ती मांडीवर नळी ठेवलेली छोटी पिशवी घेऊन निघाली तेव्हा साहेब समोरून आले. तिने पिशवी पदराखाली घेतली आणि हात धुवायला चालले म्हणाली. साहेब म्हणाले, अहो, त्यासाठी एवढ्या लांब कशाला, बेसिन इथे आहे की. ती बेसिनवर गेली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी तिने दुसरं निमित्त काढलं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला चोरून कुठे जाता येत नाही. चाकं वाजतात, उतारावर पत्रा वाजतो, आणि कुणीतरी मदतीला धावत येतंच.

मग एक दिवस वर्कशॉपमध्ये जागा कमी पडली आणि साहेबांनी मोरीत जुने टायर रचायला सांगितलं. बाईंना काही लागत नाही, मोकळीच आहे ती, असं ते म्हणाले. ड्रायव्हर त्या वेळी फेरीवर होता. ती खिडकीत बसली होती, आणि पोरं तिच्यासमोरून एक एक टायर ढकलत नेत होती. तिने एका शब्दाने अडवलं असतं तर टायर परत फिरले असते. तिने रांगेतल्या माणसाला फोटो मागितला. ड्रायव्हर संध्याकाळी आला, त्याने टायर बघितले, आणि तिच्याकडे येऊन हळूच विचारलं की चालेल ना. ती म्हणाली, मला काय त्याचं. त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं असणार. बिचाऱ्याने रविवारची सुट्टी घालवून ती चौकट काढली होती.

आणि मग तिने तेच केलं, जे केल्याबद्दल मास्तर लोकांना वर्गात फाडून खायचे. पाणी तोडलं. सकाळी घरी नळी, मग थेट संध्याकाळी घरी नळी, आणि मधे घोटसुद्धा नाही. चहा आला की ती नको म्हणे, पोट बरं नाही. ओठ सुकायचे, डोकं दुखायचं, दुपारनंतर रांगेतल्या लोकांवर ती विनाकारण खेकसायची. लोकांना वाटायचं, फौजदार फॉर्मात आहे.

घरात हे पहिल्यांदा कळलं ते सासूबाईंना. अपघातानंतर महिनोन्‌महिने तिच्या चादरी याच बाईने धुतल्या होत्या, न बोलता नाही, चांगली बडबड करत, पण धुतल्या होत्या. त्यांच्यापुढे तिला लाज उरली नव्हती. सासूबाई रोज सकाळी पाण्याची बाटली भरून देत आणि संध्याकाळी घासायला घेत. एका संध्याकाळी त्या बाटली घेऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

"जाते तशीच परत येते ही. मी काय मिरवायला देते तुझ्याबरोबर?"

ती म्हणाली, तिथे दुसरं पाणी असतं, तेच पिते. सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिकीट काढलंय असं सांगणाऱ्या माणसाकडे ती स्वतः बघायची तसंच. दुसऱ्या दिवसापासून तिने बाटली डेपोच्या बेसिनमध्ये ओतायला सुरुवात केली. पस्तिशीची बाई, आणि शाळेतल्या पोरासारखी बाटली ओतते आहे. तिला स्वतःची किळस आली. पण ओतली.

ताप भर ड्यूटीवर चढला. पेन हातात ठरेना, दात वाजायला लागले, समोरच्या बाईचा चेहरा दोन दोन दिसायला लागला. ड्रायव्हरने आपली फेरी दुसऱ्याला दिली आणि तिला उचलून केंद्रात नेलं. लघवीचा रंग बघून डॉक्टरीणबाईंनी काही विचारलंच नाही. सलाईन लावली, औषध सुरू केलं, आणि जाता जाता म्हणाल्या की हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी धरू का. नवरा उशाशी उभा होता. त्यालाही तेव्हाच कळलं की बायको दिवसभर तहानलेली असायची. त्याने पेला भरून तिच्या हातात दिला आणि ती संपवेपर्यंत उभा राहिला.

ताप उतरल्यावर मास्तर आले. येणार हे तिला माहीत होतं, आणि झोपल्याचं सोंग घ्यावं असंही मनात आलं होतं. त्यांनी खुर्ची पलंगाला लावली, ब्रेक लावला. थोडे वाळल्यासारखे दिसले. ती उठून बसायला लागली तर म्हणाले, पड.

"मास्तर, त्या दिवशी मी..."

"ते माझंच होतं," मास्तर म्हणाले. "तू खोटं काय बोललीस? पिशवी भरत आलीय हे मला डेपोच्या फाटकातच कळलं होतं. तो ड्रायव्हर पडदा दाखवत होता, मोठ्या हौसेनं. तुझ्यासाठी केलेल्या जागेत तुझ्याआधी मी कसा जाणार, असं म्हटलं मनात. ते निमित्त. खरं सांगू? केंद्राबाहेर मी ती कधी रिकामी केलीच नाही. इतकी वर्षं शिकवतोय, आणि बाहेर निघालो की वेळ मोजून परत येतो. त्या दिवशी तुझं बोलणं लांबलं."

तिला वाटलं होतं मास्तर रागावतील, आणि त्यांनी रागवावं म्हणून ती मनातल्या मनात तयारही होऊन बसली होती. हे ऐकायची तयारी नव्हती. मास्तर म्हणाले की तू बोलेपर्यंत मी गप्प बसलो ती माझी लाज आहे, तिचं काय करायचं ते मी बघेन. मग त्यांनी विचारलं की तिथे जातेस कुठे. तिने सांगितलं. हात धुण्याचं, टायरचं, बाटलीचं. सांगताना ती छताकडे बघत होती.

मास्तरांनी मग तिला दुसरीच गोष्ट सांगितली. पलीकडच्या खोलीत एक माणूस होता. तिच्याच बस कंपनीच्या दुसऱ्या डेपोतला ड्रायव्हर, वयाने तिच्याएवढाच, घरच्या जिन्यावरून पडलेला. हात चांगले, हिशेब चांगला, दोन मुलं. तिच्या डेपोत दुसरी खिडकी उघडणार होती, त्या खिडकीसाठी त्याने अर्ज केला होता. काम तिचं चांगलं चाललंय हे ऐकूनच केला होता. तिच्या साहेबांनी केंद्रात फोन करून विचारलं, त्याला पिशवी आहे का. आहे म्हटल्यावर नको म्हणाले. अगदी सभ्यपणे म्हणाले, बाईंसारखी केस असती तर डोळे मिटून घेतला असता.

"बाईंसारखी केस म्हणजे कशी असते गं?" मास्तरांनी विचारलं.

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मग ब्रेक काढून ते गेले. संध्याकाळी तिला खुर्चीत बसवलं तेव्हा ती त्या पलीकडच्या खोलीपर्यंत गेली. तो माणूस पलंगावरून खुर्चीत सरकायचा सराव करत होता, बायको खुर्ची धरून उभी होती. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. तो म्हणाला, ताई, तुमचं नाव ऐकलंय, तुमच्यामुळेच आम्हाला धीर आला. मग अपराध्यासारखं हसून म्हणाला की आमचं नाही जमलं, आमची केस जरा वाईट आहे. तिने काळजी घ्या वगैरे काहीतरी म्हटलं आणि खुर्ची वळवली. वळवताना चाक दाराला आपटलं. जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं की आपल्याला कुणीतरी भर गाडीतून खाली उतरवावं.

घरी आल्यावर ती दोन दिवस नीट जेवली नाही. साहेबांना सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं, हे ती मनात जुळवत होती. मलाही आहे, हे सांगायचं. त्या दिवशी हसले, तेही सांगायचं. नोकरी जाईल का? जाऊ शकत होती. साहेब म्हणू शकत होते की फसवलंत. पण खरी गोष्ट अशी की नोकरीची भीती तिला कमी होती. साहेबांसमोर, त्या चष्म्यातून बघणाऱ्या परक्या पुरुषासमोर, 'लघवी' हा शब्द उच्चारायचा, याची जास्त होती. ती शरमेनं अर्धमेली झाली होती, आणि अजून एक शब्दही बोलली नव्हती. नवऱ्याने शर्टाची घडी घालता घालता म्हटलं, मी येऊ का सोबत. तिने नको म्हटलं. सासूबाईंनी बाटली भरली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

साहेबांनी तिचं स्वागत केलं, तब्येत विचारली. व्हायरल का, हल्ली फार आहे म्हणाले. ती त्यांच्या त्याच अरुंद खोलीत होती, टेबलासमोर. शेजारची जागा मोकळी होती.

"व्हायरल नव्हतं साहेब. लघवीचं इन्फेक्शन होतं."

साहेबांनी कागद सारखे करायला घेतले. "असू द्या, असू द्या बाई. ते तुमचं खाजगी. मला सांगायची काही गरज नाही."

हे असं होणार हे तिने धरलं नव्हतं. साहेब तिला सभ्यपणे वाट करून देत होते. त्यांनाही ऐकायचं नव्हतं. ती गप्प बसली असती तर दोघांचीही सुटका होती, आणि कुणी तिला दोष दिला नसता. तिचे कान तापले. तिने चाकं घट्ट धरली.

"गरज आहे साहेब. मला लघवी आलेली कळत नाही. दर काही तासांनी नळी घालून काढावी लागते. ती मोरी त्यासाठीच होती. तुम्ही टायर ठेवले, मी बोलले नाही. मग पाणी प्यायचं बंद केलं, म्हणून आजारी पडले. मला तसलं काही नाही असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हसले. माझं चुकलं. मला ते सगळं आहे."

एवढं बोलून तिचा श्वास संपला. घाम कानामागून गळ्यावर आला होता. साहेब कागदांकडे बघत होते. बाहेर कुणीतरी बस मागे घेत होतं, शिट्टी वाजत होती. शेवटी साहेब म्हणाले, आवाज जरा दुखावल्यासारखा, "पण त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, माझं नाही म्हणून."

"त्या दिवशी माझं नव्हतं," ती म्हणाली. "एवढंच."

साहेबांनी मान डोलावली, आणि मग, अगदी नकळत, त्यांची नजर टेबलाच्या कडेवरून खाली गेली. तिच्या खुर्चीखाली. चाकांच्या मधे. लगेच वरही आली, पण तिने ती जाताना बघितली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. आता हा माणूस रोज असा बघणार. ती खोलीत आली की बघणार, खिडकीमागून गेली की बघणार, आणि त्याच्याकडून हळूहळू सगळा डेपो शिकणार. खुर्ची मागे घ्यावी, पदर पुढे ओढावा, काहीतरी करावं असं तिच्या हातांना झालं. तिने हात चाकांवरच ठेवले.

"बघा साहेब, नीट बघून घ्या," ती म्हणाली. "आणि मग त्या ड्रायव्हरला बोलावून घ्या. पिशवी आहे म्हणून ज्याला नको म्हणालात, त्याला. बाईंसारखीच केस आहे म्हणावं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून दारापाशी गेले आणि वर्कशॉपच्या दिशेने हाक मारून कुणालातरी मोरीतले टायर काढायला सांगितलं. कशासाठी, असं तिकडून कुणीतरी ओरडून विचारलं. साहेब अडखळले. त्यांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं, आणि ती खुर्ची वळवून दाराकडे निघाली, उत्तर द्यायला.